सवयींचा रकाना

हे प्रकरण लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं, सगळं वहीत उतरवून झालं आणि मधलं हे एक वर्ष दर वेळी ‘पुढे बघू’ म्हणत राहून गेलं. वर्ष वाईट नव्हतं. परक्या माणसांनी माझ्यावर इतकी माया त्याआधी केली नव्हती, त्यानंतरही फारशी केली नाही. त्या मायेच्या बदल्यात मी काय केलं, ते सांगायची हिंमत होत नव्हती.

मी पारशिवनीची. बाबा तिथल्या शाळेत शिपाई होते, आई धानाच्या रोवणीला जायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी नागपुरात राहायची सोय होईना, तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी ओळखीच्या वत्सलाबाईंना चिठ्ठी लिहिली. वत्सलाबाई एका अनाथालयाच्या अधीक्षिका होत्या. तिथली काही मुलं परदेशातल्या कुटुंबांत दत्तक जात, त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार वाढला होता आणि तो सांभाळायला कोणी नव्हतं. मी तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सकाळी कॉलेज करायचं आणि दुपारी पत्रं लिहायची, असं ठरलं. बाबा मला सोडायला आले. नागपुरातल्या महाल भागातून सायकलरिक्षा केली, माझी पत्र्याची पेटी सगळी वाट मांडीवर धरून बसले आणि फाटकाशी वत्सलाबाईंना हात जोडून म्हणाले, “पोरगी इंग्रजीत हुशार हाय, बाई. कागद चांगला लिहिते.” बाबांचं ते वाक्य पुढे मला फार जड गेलं.

अनाथालय नंदनवनच्या बाजूला होतं. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. बैठा बंगला, पुढे लांब व्हरांडा, मागे विहीर. पहाट झाली की रहाट कुरकुरायचा, मग दगडावर लंगोट आपटल्याचा आवाज, मग जर्मनच्या वाट्यांचा खणखणाट आणि त्या सगळ्यावर वीस-बावीस पोरांचा कालवा. स्वयंपाकघरात मोठ्या गंजात ज्वारीच्या कण्या शिजत असायच्या. त्यावर ताक, बाजूला लसणाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी ते ताट पाहून मी हिरमुसले. शहरात गेल्यावर काहीतरी निराळं खायला मिळेल असं मनात होतं, आणि समोर आलं ते आईच्या चुलीवरचंच. वत्सलाबाई स्वतः त्याच पंगतीला बसून तेच जेवत. त्यांना त्यात काही कमी वाटत नसे. मला वाटे.

दुपारी एकच्या सुमारास मात्र सगळे आवाज एकाएकी थांबायचे. चारही आया व्हरांड्यात भिंतीला टेकून, पाय लांब करून ओळीने बसायच्या. प्रत्येकीच्या पायांवर एक लेकरू. दोन्ही पाय जुळवून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, असं हळूहळू हलवत राहायच्या. एक झोपलं की ते चटईवर, मग पुढचं. टाचा फरशीवर घासल्याचा तेवढाच एक आवाज. त्या टाचांना कायम भेगा असत आणि संध्याकाळी त्या एकमेकींच्या टाचांना मेण आणि तेल लावून देत. मी ऑफिसच्या खिडकीतून ते रोज पाहत असे. या बायका किती काम करतात हे मला दिसत होतं. त्या कामाला मी काय नाव देते, याचा विचार मात्र तेव्हा केला नाही.

त्या चौघींतली थोरली गिरजाबाई. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, कानाच्या पाळ्या जुन्या दागिन्यांच्या ओझ्याने लोंबलेल्या. दागिने कधीच गेले होते, भोकं तेवढी राहिली होती. तिच्याकडे शेवंती नावाची अडीच वर्षांची मुलगी होती. म्हणजे सगळीच मुलं सगळ्यांकडे असत, पण शेवंती तिची. ही मुलगी आली तेव्हा सुपात मावेल एवढी होती आणि डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा तिथे नव्हते. मला ते ताराबाईने सांगितलं. ताराबाई चौघींतली धाकटी, तोंडाने फटकळ.

“दोन महिने पाठ टेकली नाही हिनं,” ती म्हणाली. “पोट्टीले कापसात गुंडाळून छातीशी बांधे आन् भिंतीले टेकून बसे. कापसाच्या वातीनं दूध पाजे, थेंब थेंब. हिच्या सख्ख्या नातीचं बारसं व्हतं काटोलले. नाई गेली. जावई अजून बोलत नाई हिच्यासंग.”

“बोलत नाई त बरंच हाय,” गिरजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “बोलला का भांडतेच तो.”

मला त्या दोघी ‘मॅडम’ म्हणायच्या. ताराबाई ते चिडवायला म्हणायची, गिरजाबाई खरंच मानाने. त्यांच्याशी मी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलत असे. गावाची बोली माझ्या तोंडून निसटू नये म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी जपत होते. ताराबाईच्या हे लक्षात आलं होतं. एकदा मी “मला पाणी देता का” म्हटलं तर ती गिरजाबाईला म्हणाली, “पाह्य वं, पारशिवनीचं पाणी पुण्याहून येऊन राहिलं.” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं.

त्या वर्षी शेवंतीला डेन्मार्कमधल्या एका जोडप्याने दत्तक घ्यायचं ठरलं. कागदपत्रं झाली आणि मग त्या होणाऱ्या आईने स्वतः टाइप केलेली एक प्रश्नावली पाठवली. अशी प्रश्नावली त्याआधी कोणी पाठवली नव्हती. मुलगी काय खाते, कशी खाते, कोण भरवतं. झोपते कशी. कशाला घाबरते. पाण्याला काय म्हणते. शेवटी एक मोठा रकाना होता: मुलीच्या काही खास सवयी असतील तर त्या. खाली एक ओळ होती, की मुलीला नवं घर अगदीच परकं वाटू नये म्हणून मी हे विचारते आहे, तिला वाढवणाऱ्या बाईला विचारून लिहावं. वत्सलाबाईंनी कागद माझ्या हातात दिला. “गिरजाबाईला विचार आणि नीट भर. मी सही करून ठेवते.” माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

दुपारी व्हरांड्यात मी गिरजाबाईशेजारी वही घेऊन बसले. शेवंती तिच्या पायांवर होती. गिरजाबाईने पाय हलवणं न थांबवता सगळं सांगितलं. इतकं बारीक, की मला लिहून पुरं होईना.

“लिव्ह. कण्या खाते, पण ताक आंबट नसावं. चमच्यानं नाई खात, हातानंच लागते. आन् घास पयले आपल्या ओठाले लावून दाखवाव लागते, त खाते. नाई त तोंड फिरवते.”

“झोपते कशी?”

“हे काय, पाहून नाई राहिली का? पायावर.” मग तिने मान जरा खाली केली. शेवंतीने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी हात वर केला आणि तिच्या कानाची लोंबती पाळी दोन बोटांत धरली. “आन् हे. कान धरल्याबिगर झोपत नाई. कापसात व्हती तवापासून. माया कान लांब झाला तो हिच्यानंच झाला, दागिन्यानं नाई.”

“खोटं नको सांगू वं,” पलीकडून ताराबाई म्हणाली, “तुह्या लग्नातबी असाच व्हता.”

गिरजाबाई हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “मॅडम, हे कानाचं मोठ्या अक्षरात लिहिजो. त्या बाईले मालूम पाहिजे. नाई त ते कान मागन आन् तिकडं कोणाले समजनच नाई ते काय मागते.”

मी “हो” म्हटलं.

ऑफिसात येऊन प्रत करायला बसले. समोर वही, बाजूला शब्दकोश. कण्यांना इंग्रजी शब्द सापडेना. सापडला असता तरी मी लिहिला नसता, हे मला आता कळतं. हाताने भरवणं, दुसऱ्याच्या ओठाला लागलेला घास, भेगाळलेल्या टाचांच्या बाईच्या पायावर झोपणं, तिचा कान धरणं, हे सगळं मी एका परदेशी बाईच्या डोळ्यांनी वाचू लागले आणि मला शरम वाटली. माझं बालपणही असंच गेलं होतं. मीही आईच्या ओठाला लावलेला घास खाल्ला होता. म्हणूनच जास्त वाटली असेल. हे वाचून त्या लोकांना मुलगी घाणेरडी वाटली तर, नकोच म्हणाले तर, अशी मनाची समजूत काढून मी लिहिलं: दूध, पाव, उकडलेलं अंडं. चमच्याने खाते. स्वतःच्या पलंगावर एकटी झोपते. सवयींच्या रकान्यात लिहिलं, काही नाहीत. शाळेत निबंधात आदर्श मुलगा लिहायचो तशी मी एक आदर्श मुलगी लिहून काढली. अक्षर फार सुंदर आलं होतं. वत्सलाबाईंनी न वाचताच सही केली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गिरजाबाईने विचारलं, “लिहिलं ना वं सगळं?”

“लिहिलं.”

“कानाचं?”

“तेही लिहिलं.”

“मोठ्या अक्षरात?”

“मोठ्या अक्षरात.”

शेवंती गेली त्या दिवसाबद्दल फार लिहवत नाही. मुंबईहून एक बाई तिला न्यायला आल्या होत्या. गिरजाबाईने तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, नवा फ्रॉक घातला आणि रिक्षात त्या बाईंच्या मांडीवर बसवलं. रिक्षा वळेपर्यंत ती फाटकात उभी होती. मग आत येऊन तिने पुढचं लेकरू पायांवर घेतलं, कारण एक वाजून गेला होता. त्या लेकराला झोपवताना तिचे पाय नेहमीपेक्षा जोरात हलत होते. ताराबाईने तिला काहीच चिडवलं नाही. जेवायला मात्र गिरजाबाई उठली नाही.

दीड-दोन महिन्यांनी डेन्मार्कहून पत्र आलं. पत्रं आधी माझ्याच हातात पडत. पहिल्या परिच्छेदात आभार होते. दुसऱ्यात लिहिलं होतं की मुलगी पाव, अंडं काहीच तोंडात घेत नाही, चमचा पाहिला की तोंड फिरवते, पलंगावर ठेवलं की थकून गळून जाईपर्यंत रडते. आणि एक गोष्ट त्यांना काळजीची वाटत होती. रडताना ती सारखी कानाकडे हात नेते, स्वतःच्या आणि जवळ घेणाऱ्याच्याही. तिच्या कानात फार दुखत असावं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, थेंब दिले, गुण नाही. आता मोठ्या दवाखान्यात नेऊन, भूल देऊन आतून तपासायचं ठरतं आहे. पूर्वी कानाचा काही आजार होता का, ते कृपया लगेच कळवावं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. व्हरांड्यातून टाचा घासल्याचा आवाज येत होता. मग गिरजाबाई दारात आली. पोस्टमन येऊन गेल्याचं तिला बरोबर कळायचं.

“मायी शेवंती कशी हाय?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “मजेत आहे.”

“जेवते?”

“हो. छान जेवते.”

“कान धरू देते का ते बाई?”

“देते.”

गिरजाबाईने दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. त्या संध्याकाळी तिने सगळ्या पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मलाही आणून दिला. तो मी खाल्ला. हे लिहितानाही तो गोड लागलेला आठवतो, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

भूल देण्याचं वाचल्यावर मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं. वत्सलाबाई चार दिवस गावाला गेल्या होत्या. मी त्याच दुपारी, गूळ वाटला जाण्याआधीच, उत्तर लिहायला घेतलं. कान दुखत नाही, आजार नाही, तिला झोपताना कानाची पाळी धरायची सवय आहे, पायांवर झोपवा, हाताने भरवा, कण्या तिकडे मिळणार नाहीत तर मऊ भात द्या, घास आधी तुमच्या ओठाला लावून दाखवा. वहीतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मग हे आधी का कळवलं नाही, याचं उत्तर द्यायला हवं होतं. मी पेन उचललं आणि एक वाक्य घातलं: मुलीची आया हे सांगायला विसरली होती, तिला आता आठवलं. मला तेव्हा ते वाक्य किती सोपं गेलं. पाकीट बंद करून मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकून आले आणि मग परीक्षेचा अभ्यास केला.

उत्तर आलं ते वत्सलाबाईंच्या हातात. त्यांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. पत्र वाचून त्या मराठीत सांगू लागल्या. त्या आईने जमिनीवर बसून, पाय लांब करून शेवंतीला घेतलं. मान खाली केली. शेवंतीने तिचा कान धरला, एकदा चाचपला, जरा रडली, आणि झोपली. सकाळपर्यंत झोपली. पुढे त्या आईने लिहिलं होतं, की या मुलीला कोणीतरी किती जीव लावला होता ते मला त्या एका रात्रीत कळलं, मी आजवर इतक्या दूरच्या कोणा बाईची इतकी ऋणी नव्हते. मग वत्सलाबाईंनी पुढची ओळ वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“गिरजाबाई, त्या म्हणतात, तुम्ही सांगायला विसरलात याचं वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडे इतकी मुलं असतात. म्हणजे तुम्ही हे फॉर्म भरताना सांगितलंच नव्हतं?”

खोलीत मी होते, ताराबाई होती, बाकीच्या दोघी होत्या. त्या दुपारी व्हरांड्यात काय काय सांगितलं गेलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ताराबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. गिरजाबाईने तिच्या दंडावर हात ठेवला. मग तिनेही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोलले असते. लेकराने काही सांडलं की आधी त्याला लागलं तर नाही ना म्हणून पाहतात, तसं ती पाहत होती.

“हो बाई,” ती म्हणाली. “इसरली असन मी. वय झालं आता.”

“अशी चूक बरी नाही, गिरजाबाई. पोरीला केवढा त्रास झाला.”

“नाई होनार आता,” गिरजाबाई म्हणाली.

मी उभी होते. एक पाऊल पुढे टाकून दोन वाक्यं बोलायची होती. माझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती, राहायला दुसरी जागा नव्हती, वत्सलाबाई मला शिक्षिकेच्या नोकरीसाठी शिफारसपत्र देणार होत्या. आणि बाबा हात जोडून म्हणाले होते की पोरगी कागद चांगला लिहिते. हे सगळं मनात एकदम आलं आणि मी गप्प राहिले.

ताराबाईने त्यानंतर मला कधी मॅडम म्हटलं नाही, चिडवायलाही नाही. विहिरीवर एकदाच ती गिरजाबाईला विचारताना मी ऐकलं, “काहून वाचवलं वं तिले?” गिरजाबाई लंगोट पिळत म्हणाली, “तेबी कोणाचं लेकरूच हाय. बापानं पेटी मांडीवर धरून आणलं तिले.” परीक्षेच्या दिवसांत रोज सकाळी माझ्या टेबलावर कण्यांची वाटी झाकून ठेवलेली असे, आंबट नसलेल्या ताकाची. मी ती रोज संपवली. पास झाले, शिफारसपत्र मिळालं, त्यात ‘विश्वासू’ असा शब्द होता. निघताना गिरजाबाईच्या पाया पडले. तेव्हा तरी बोलायचं होतं. तिने मला उठवून म्हटलं, “चाल, रिक्षा थांबली हाय,” आणि पुन्हा तो क्षण गेला. तीन-चार वर्षांनी मी भेटायला गेले तेव्हा गिरजाबाई वारलेली होती. व्हरांड्यात ताराबाई पाय लांब करून बसली होती. तिने मला पाणी दिलं.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. निबंधात पोरांनी न खाल्लेलं खाल्लं म्हणून लिहिलं की मी लाल शाईने खूण करायची. ‘तू घरी काय खातोस ते लिही’ म्हणायची. माझ्या वर्गात आंबील, मुटके, कण्या असे शब्द निबंधात येत आणि त्यांना मी चांगले गुण देत असे. लोक याला माझी शिकवायची पद्धत म्हणत. पद्धत कसली, ती भरपाई होती, आणि चुकीच्या पत्त्यावर पाठवलेली.

मागच्या महिन्यात डेन्मार्कहून एक पत्र आलं. अनाथालयाच्या जुन्या कागदांत माझं नाव सापडलं म्हणून. शेवंतीचं. तिचं तिकडचं नाव निराळं आहे, पण मधलं नाव तिने शेवंतीच ठेवलं आहे. तिची मुलगी आता मोठी झाली, पण लहानपणी आईचा कान धरूनच झोपायची. शेवंतीच्या तिकडच्या आईने वारण्यापूर्वी तिला सगळी गोष्ट सांगितली होती: तुला वाढवणारी एक बाई होती, ती महत्त्वाची गोष्ट सांगायला विसरली आणि मग वेळेवर तिला आठवली. शेवंतीने विचारलं आहे की ती बाई कोण, तिचं नाव काय, आणि इतक्या मुलांच्या घाईत तिला माझी एवढीशी सवय पुन्हा कशी आठवली.

चार दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसत होते आणि उठत होते. काल लिहिलं. इंग्रजी आता थरथरत्या अक्षरात येतं, म्हणून पहिली ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरात काढली, तिकडच्या कुणालाही चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. तिचं नाव गिरजाबाई, आणि ती काहीही विसरली नव्हती.